अधिकारपत्र दाखवा

१८९१च्या जानेवारीत अमेरिकी नौदलाचे रिअर ॲडमिरल बँक्रॉफ्ट गेरार्डी हैती या कॅरिबियन देशाच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बंदरात आले ते एक मागणी घेऊन. हैतीच्या वायव्य टोकाला मोल सँ-निकोला नावाचं खोल, सुरक्षित नैसर्गिक बंदर आहे. अमेरिकेला ते आपल्या आरमाराच्या जहाजांत कोळसा भरण्यासाठी भाडेपट्ट्यानं हवं होतं. समोर क्यूबा, मधे चिंचोळी सामुद्रधुनी, आणि अटलांटिकमधून कॅरिबियन समुद्रात उतरणाऱ्या जहाजांची ही नेहमीची वाट. मध्य अमेरिकेतून कालवा निघाला की या वाटेला सोन्याचा भाव येणार, हे सगळ्या आरमारांना दिसत होतं.

हैतीचे परराष्ट्रमंत्री आंतेनोर फिर्मँ तेव्हा ४० वर्षांचे होते. अर्थखातंही त्यांच्याकडेच होतं. मागणीला त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. एवढंच विचारलं की, या वाटाघाटी करण्याचा पूर्ण अधिकार देणारं, तुमच्या राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं पत्र कुठे आहे? गेरार्डींकडे तसं पत्र नव्हतं. ते मागवावं लागलं, आणि वॉशिंग्टनहून येईपर्यंत सुमारे दोन महिने गेले.

या दोन महिन्यांना कारकुनी चालढकल म्हणणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. ज्याच्याकडे तोफा आहेत त्याला कागद दाखव म्हणण्यात काय अर्थ, असं त्यांचं म्हणणं. छोट्या देशांच्या परराष्ट्रधोरणाविषयी बोलताना हा सूर आपल्याकडेही सर्रास ऐकू येतो. आंतरराष्ट्रीय कायदा वगैरे सगळं पुस्तकात, शेवटी बळी तो कान पिळी. मला हे पटत नाही. दुर्बळ देशाकडे जी थोडीफार खरी हत्यारं असतात, त्यांत बलवानाच्याच नियमावर बोट ठेवणं हे सर्वांत धारदार हत्यार आहे असं मी मानतो. फिर्मँ यांनी ते दोनदा चालवलं, एकदा पॅरिसच्या शास्त्रज्ञांपुढे आणि एकदा अमेरिकी आरमारापुढे. तिसऱ्या वेळी त्यांनी ते बाजूला ठेवलं, आणि तिथे ते हरले.

पॅरिसपासून सुरुवात करायला हवी, कारण मंत्री फिर्मँ तिथेच घडले. १८५०मध्ये काप-आयिस्याँ या उत्तरेतल्या शहरात, साध्या काळ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षकी, जकात कचेरीतली नोकरी, मग वकिली, मग वर्तमानपत्र, असा त्यांचा प्रवास. १८८३मध्ये सिमोन बोलिव्हारच्या जन्मशताब्दीसाठी हैतीचे प्रतिनिधी म्हणून ते काराकासला गेले. पुढे पॅरिसला आले आणि १८८४मध्ये तिथल्या मानवशास्त्र सोसायटीचे सभासद झाले. पॉल ब्रोका यांनी १८५९मध्ये स्थापन केलेली ही संस्था म्हणजे त्या काळी कवट्या मोजण्याच्या शास्त्राची पंढरी. कवटीत किती दाणे मावतात, नाक किती रुंद, जबडा किती पुढे, यांचे तक्ते करायचे आणि त्या तक्त्यांवरून कोणता मानववंश वर, कोणता खाली हे ठरवायचं, असा तिथला रिवाज होता.

तिथे बसलेल्या माणसाची अवस्था काय झाली असेल याचा मी अनेकदा विचार करतो. आजूबाजूचे सहकारी सभ्य आहेत, विद्वान आहेत, आणि तुमच्या वंशाच्या माणसाला विचार करता येत नाही असं सिद्ध करणारे निबंध वाचत आहेत. तुम्ही त्याच सभागृहात विचार करत बसलेले आहात, आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नाही. फिर्मँ यांनी आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. या विषयावर सोसायटीत चर्चा मागता आली असती, पण आपलं बोलणं घुसखोरी मानलं जाईल अशी भीती वाटली, म्हणून पुस्तक लिहिलं.

ते पुस्तक १८८५मध्ये आलं. साडेसहाशेहून अधिक पानं, आणि नावातच उत्तर: ‘मानववंशांची समानता’. आर्थर द गोबिनो यांनी तीस वर्षांपूर्वी मानववंशांच्या विषमतेवर जो चार खंडांचा ग्रंथ लिहिला होता, त्याला समोरासमोर दिलेलं ते उत्तर होतं. उपशीर्षक त्यांनी घेतलं ‘प्रत्यक्षनिष्ठ मानवशास्त्र’. मला या पुस्तकातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल या उपशीर्षकात दिसतं. अन्याय होतो आहे, आमच्या भावना दुखावल्या, असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, तुम्ही स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवता ना? मग शास्त्राचा नियम पाळा, पुरावा दाखवा. मग ब्रोका आणि त्यांचे शिष्य पॉल तोपिनार यांचेच तक्ते ते उघडतात. एका मापानं लावलेली उतरंड दुसऱ्या मापानं कशी मोडते ते दाखवतात. वकील साक्षीदाराला त्याच्याच जबानीत पकडतो, तसा हा प्रकार आहे.

या पुस्तकाचा आपल्याशी संबंध आहे, आणि तो लांबचा नाही. त्यात एक अख्खं प्रकरण हिंदू आणि आर्य यांच्यावर आहे. भारतीय संस्कृतीचं सगळं श्रेय गोऱ्या आर्यांच्या खात्यावर टाकणाऱ्या युरोपीय विद्वानांची उलटतपासणी फिर्मँ तिथे घेतात. ज्या तोपिनारांच्या मोजमापांवर त्यांनी बोट ठेवलं, त्यांचीच पद्धत घेऊन ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ली बंगालमध्ये नाकं मोजत होते. त्यांचे तक्ते प्रसिद्ध झाले ते साल १८९१, म्हणजे मोल सँ-निकोलाचंच साल. जातीचा दर्जा नाकाच्या रुंदीवर ठरतो, हे रिस्लींचं विधान पुढे जनगणनेपर्यंत पोचलं. त्याला खोडून काढायला आपल्याकडे बराच वेळ गेला. मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी मोजमापांचे आकडे पुन्हा तपासले आणि १९४८मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांवरच्या आपल्या ग्रंथात हेच नासिकामापाचे आकडे वापरून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे मांडलं. मोजणाऱ्याची मोजपट्टी घेऊन मोजणाऱ्यालाच खोटं पाडायचं, ही ती रीत. बाबासाहेबांनी फिर्मँ वाचले होते असं मी म्हणत नाही. एकच कारखाना पॅरिसमध्ये होता आणि त्याचा माल दोन्हीकडे पोचला होता, म्हणून उत्तरही एकाच जातीचं निघालं. मानवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांना ब्रोका शिकवायचे आणि फिर्मँ शिकवायचे नाहीत, हे मला म्हणूनच अपुरं वाटतं. फिर्याद वाचायची आणि बचाव वाचायचाच नाही, असं ते झालं.

पुस्तकाचं त्या काळी काय झालं? विशेष काही नाही. सोसायटीनं ते ठेवून घेतलं आणि पुढे सरकली. नंतरच्या एका बैठकीत फिर्मँ यांच्या बुद्धीचं मूळ त्यांच्या एखाद्या गोऱ्या पूर्वजात तर नाही ना, असा प्रश्न त्यांना विचारला गेला. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर यायला २००० साल उजाडावं लागलं.

आता पुन्हा बंदराकडे. गेरार्डींच्या मागणीमागे एक हिशोब होता. १८८८-८९च्या यादवीत फ्लोरविल इपोलित यांचा उत्तरेचा पक्ष जिंकला, तेव्हा अमेरिकेनं त्यांना हात दिला होता. अडचणीत असताना इपोलित यांच्या माणसांनी काही प्रस्तावही पाठवले होते. त्यामुळे बंदर म्हणजे आता फेडायची उधारी, असं अमेरिकी बाजूचं म्हणणं. फिर्मँ यांचं उत्तर पुन्हा वकिलाचं होतं. प्रस्ताव होते, पण तुम्ही ते स्वीकारले नाहीत. न स्वीकारलेला प्रस्ताव म्हणजे करार नव्हे.

अमेरिकेच्या बाजूनं चर्चेला गेरार्डींच्या शेजारी बसले होते फ्रेडरिक डग्लस. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेले, पळून जाऊन स्वतंत्र झालेले, गुलामीविरोधी चळवळीतले सर्वांत मोठे काळे वक्ते. १८८९पासून ते हैतीत अमेरिकेचे वकील, म्हणजे राजनैतिक प्रतिनिधी होते. आपल्याच सरकारनं आपल्या डोक्यावर एक ॲडमिरल आणून बसवल्याचा अपमान त्यांनी गिळला आणि आपलं काम केलं. गुलामांनी बंड करून उभ्या केलेल्या देशाकडे एका माजी गुलामानं महासत्तेसाठी जमीन मागायची, ही परिस्थिती डग्लस यांच्या वाट्याला आली. त्यांचा मला राग येत नाही. मैत्रीच्या मार्गानं हैती तयार होईल असा त्यांचा खरा समज होता.

अधिकारपत्र आलं एप्रिलमध्ये. त्याच सुमाराला बंदरात आणखी युद्धनौका आल्या. पांढऱ्या रंगाच्या नव्याकोऱ्या पोलादी जहाजांचा तो ताफा अमेरिकेचा तेव्हाचा अभिमान होता. गेरार्डींची जहाजं आधीच तिथे नांगरलेली. शहरात घबराट पसरली. २२ एप्रिल १८९१ रोजी फिर्मँ यांनी लेखी उत्तर दिलं.

त्या उत्तरात दोन मुद्दे होते. अमेरिकेची अट अशी होती की मोल आमच्याकडे भाड्यानं असेपर्यंत हैतीनं आपलं दुसरं कोणतंही बंदर किंवा भूभाग दुसऱ्या कुठल्याही सत्तेला देऊ नये, खास सवलतही देऊ नये. फिर्मँ म्हणाले, ही अट मानणं म्हणजे आमच्या सार्वभौमत्वावर घाला आहे, आणि आमच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमाचा भंग आहे. दुसरा मुद्दा जहाजांचा. दोन ताफे बंदरात उभे असताना आम्ही वाटाघाटी केल्या, तर परकी दडपणाखाली वाकलो असा त्याचा अर्थ होईल, आणि स्वतंत्र राष्ट्र म्हणून आमचं अस्तित्वच धोक्यात येईल. भाषा शेवटपर्यंत नम्र होती. हा नकार अविश्वासातून किंवा वैरातून आलेला नाही, असंही त्यात लिहिलं होतं.

मला यातली खुबी दिसते ती अशी. फिर्मँ यांनी तोफांचा उल्लेख टाळला नाही. तोफांनाच त्यांनी नकाराचं कारण बनवलं. जहाजं जितकी जास्त, तितका होकार अवैध. धमकीचं वजन त्यांनी धमकी देणाऱ्याच्याच पारड्यातून काढून घेतलं. गेरार्डींपुढे आता दोनच वाटा होत्या. गोळीबार करायचा आणि जगासमोर चाच्याची कृती करायची, किंवा निघून जायचं. ते निघून गेले. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी खापर डग्लस यांच्यावर फोडलं. काळा माणूस काळ्यांना सामील झाला, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी डग्लस यांनी राजीनामा दिला आणि एका मासिकात दोन लेख लिहून आतली हकीकत मांडली. दोन वर्षांनी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते हैतीच्या दालनाचे प्रतिनिधी म्हणून उभे राहिले आणि म्हणाले, हैती काळा आहे, आणि काळा असल्याबद्दल आपण हैतीला अजून माफ केलेलं नाही.

कागद मागणं म्हणजे बावळटपणा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हैतीच्याच इतिहासातले आणखी दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. हैती पूर्वी फ्रान्सची वसाहत होती. १८२५मध्ये फ्रान्सचा राजा दहाव्या चार्ल्सनं १४ युद्धनौकांसह एक फर्मान पाठवलं. स्वातंत्र्य मान्य करतो, पण ज्या मालकांचे मळे आणि गुलाम गेले त्यांना १५ कोटी फ्रँक द्या. राष्ट्राध्यक्ष बुआये यांनी ते मान्य केलं. पहिला हप्ता भरण्यासाठी पॅरिसमध्येच ३ कोटींचं कर्ज काढावं लागलं. १८३८मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली, तरी हप्ते आणि त्या हप्त्यांसाठी काढलेली कर्जं यांची साखळी १९४७पर्यंत तुटली नाही. दुसरा प्रसंग डिसेंबर १८९७चा. ल्युडर्स नावाच्या एका अर्ध्या जर्मन माणसाला पोलिसांशी मारामारी केल्याबद्दल शिक्षा झाली. त्यासाठी जर्मनीच्या दोन युद्धनौका राजधानीसमोर आल्या, काही तासांची मुदत दिली आणि २०,००० डॉलर, माफी आणि जर्मन झेंड्याला सलामी घेऊन गेल्या. तिन्ही वेळा हैती तितकाच अशक्त होता आणि समोर तशाच तोफा होत्या. एकदाच तोफा रिकाम्या हातानं परतल्या.

यावर जो आक्षेप येतो तो हलका नाही, आणि मी तो टाळणार नाही. २८ जुलै १९१५ रोजी अमेरिकेचे सैनिक पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये उतरले आणि १९३४पर्यंत राहिले. त्याआधीच्या डिसेंबरात त्यांनी राष्ट्रीय बँकेतून ५ लाख डॉलरचं सोनं उचलून नेलं होतं. ताब्यात असलेल्या देशाकडून त्यांनी १९१५मध्ये जो तह करून घेतला, त्यात असं कलम होतं की हैतीनं आपला कोणताही भूभाग विकून, भाड्यानं किंवा अन्य मार्गानं दुसऱ्या परकी सत्तेला देऊ नये. फिर्मँ यांनी १८९१मध्ये नाकारलेली अट चोवीस वर्षांनी तहात जाऊन बसली. मग त्यांनी काय मिळवलं?

चोवीस वर्षं मिळवली, हे माझं पहिलं उत्तर. ही छोटी गोष्ट नाही. एक पिढी स्वतंत्र देशात वाढली, त्यातून लेखक आणि वकील तयार झाले. दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९१५मध्ये देश ताब्यात घेतल्यावरसुद्धा अमेरिकेला तह लागला. सैनिक होते, सोनं होतं, तरी सही हवी होती. जो मागतो त्यालाही कागद लागतो, हेच फिर्मँ यांनी ओळखलं होतं. १९१५चा पराभव कागदावर विश्वास ठेवल्यामुळे झाला नाही. देशांतर्गत यादवीमुळे सही नाकारणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून झाला.

आणि या यादवीत फिर्मँ यांचा स्वतःचा वाटा आहे. मे १९०२मध्ये राष्ट्राध्यक्ष सिमोन साम पायउतार झाले. पॅरिसमध्ये हैतीचे वकील असलेले फिर्मँ परत आले आणि निवडणुकीत उतरले. शिकलेला तरुण वर्ग त्यांच्या मागे उभा राहिला. फिर्मिनिस्ट हा शब्दच तिथून रूढ झाला. त्यांचे प्रतिस्पर्धी जनरल नॉर अलेक्सी यांच्या बंदुका मतदानाआधीच बोलू लागल्या होत्या हे खरं. पण फिर्मँ यांनीही गोनाइव शहरात वेगळं सरकार उभारलं आणि ॲडमिरल किलिक यांच्या आरमारावर भिस्त ठेवली. किलिक यांनी शत्रुपक्षाची शस्त्रं घेऊन जाणारं एक जर्मन व्यापारी जहाज अडवलं, आणि ‘पँथर’ ही जर्मन गनबोट गोनाइवला येऊन थडकली. ६ सप्टेंबर १९०२ रोजी किलिक यांनी आपल्या खलाशांना किनाऱ्यावर उतरवलं आणि शरण जाण्याऐवजी आपल्या जहाजासकट स्वतःला उडवून दिलं. हैतीत त्यांना वीर मानतात, आणि मानायलाच हवं. पण त्या दिवशी फिर्मँ यांच्या हातातलं हत्यार जर्मनीच्या हातात गेलं. तटस्थ जहाज अडवणारं, मान्यता नसलेलं सरकार कोणाचं? आता अधिकारपत्र दाखवा म्हणायची पाळी समोरच्याची होती. ऑक्टोबरात फिर्मँ परागंदा होऊन कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर गेले.

त्यांच्यातला आणखी एक उणेपणा सांगितला पाहिजे. त्यांचं जग सुशिक्षितांचं होतं. हैतीतला बहुसंख्य शेतकरी क्रेओल ही तिथली लोकभाषा बोलत होता, फिर्मँ यांचं सगळं लेखन फ्रेंचमध्ये. कागदाचं महत्त्व ज्याला कळलं होतं, त्यानं कागद वाचता न येणाऱ्यांना आपल्या बाजूला घेण्याचा पुरेसा उपाय शोधला नाही. १९०८मध्ये त्यांच्या पक्षाचा दुसरा उठाव फसला तेव्हा कवी मासियों क्वाकू यांना मार्चमधल्या एका रात्री गोळ्या घालण्यात आल्या, आणि देश हलला नाही.

आज हैतीच्या वतीनं जो सर्वांत गंभीर दावा जगापुढे उभा आहे, तो १८२५च्या त्याच फर्मानाचा. २००३मध्ये राष्ट्राध्यक्ष आरिस्टीड यांनी फ्रान्सकडे सुमारे २१.७ अब्ज डॉलर परत मागितले. आकडा सेंटपर्यंत काढलेला होता, त्यावर तेव्हा थट्टाही झाली. १७ एप्रिल २०२५ला, फर्मानाच्या द्विशताब्दीला, फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग जाहीर केला. पैशाबद्दल अवाक्षर नाही, हे मला खटकतं. तरी दोनशे वर्षांपूर्वीचा कागद अजून टेबलावर आहे, तो हैतीच्या लोकांनी जपला, उद्धृत केला, त्याचे हप्ते मोजले म्हणून. हैतीला मदत किती द्यायची यावर चर्चा पुष्कळ होते. घेतलेलं किती परत करायचं यावर व्हायला हवी, आणि तिची भाषा दयेची नको, हिशोबाची हवी. फिर्मँ यांनी तीच वापरली असती.

१९०५मध्ये त्यांनी थिओडोर रूझवेल्ट आणि हैती यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. अमेरिकेचा द्वेष त्यांच्या मनात तेव्हाही नव्हता. १९०८च्या अखेरीस सत्ताबदल झाल्यावर त्यांना हवानाला आणि मग लंडनला वकील म्हणून पाठवण्यात आलं. १९११मध्ये ते आपल्या गावी, काप-आयिस्याँला परतायला निघाले. जहाज बंदराला लागलं, पण त्यांना किनाऱ्यावर पाय ठेवू दिला नाही. ते सेंट थॉमस बेटावर परत गेले आणि १९ सप्टेंबर १९११ला तिथेच वारले, वय ६०. ते बेट तेव्हा डेन्मार्कचं होतं. सहा वर्षांनी अमेरिकेनं ते शेजारच्या बेटांसकट २ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतलं. व्यवहाराच्या आधी सार्वमत डेन्मार्कमध्ये झालं. बेटावर राहणाऱ्यांना अधिकृतपणे कुणी विचारलं नाही.